‘काही नाही’ची ओढ

आपल्या बोलण्यात ‘काही नाही’ हे दोन शब्द फार सोयीचे आहेत. चेहरा का उतरला? काही नाही. दोघांचे बिनसले आहे का? छे, आमच्यात काही नाही. जे नाहीच, त्याने कोणाचे काय बिघडावे, असे आपण धरून चालतो. जाब द्यावयाचा तो केलेल्या गोष्टीचा. न बोललेल्याचा हिशेब कोण मागणार? या जुन्या प्रश्नाकडे मला नव्याने पाहावेसे वाटले, ते पदार्थविज्ञानातील एका शोधामुळे.

1948 साली हॉलंडमध्ये, फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हेंड्रिक कॅसिमिर यांनी एक चमत्कारिक निष्कर्ष मांडला. धातूचे दोन गुळगुळीत पत्रे समोरासमोर धरा. त्यांच्यावर विजेचा भार नको, मध्ये हवाही नको. तरीही ते एकमेकांकडे ओढले जातील! पुंजवादाच्या मते निर्वात पोकळी कधीच पुरती स्वस्थ नसते. विद्युत्चुंबकीय लहरींचे किंचित स्पंदन तेथे चालूच असते. सतारीची तार दोन्ही टोकांना बांधली की तिच्यावर ठरावीकच कंपने बसतात. तशा अरुंद फटीत मोजक्याच लहरी मावतात. बाहेर मात्र त्यांना मोकळे रान. या तफावतीचा दाब पत्र्यांना आत लोटतो.

अंतर निम्मे झाले की ही ओढ सोळापट होते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी फट असेल तर ती जेमतेम मोजता येईल; फट त्याच्याही शंभराव्या हिश्शावर आणली तर हिशेबाने ती वातावरणाच्या दाबाला गाठते. 2001 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत अर्धा मिलिमीटर बाजूची सिलिकॉनची चकती दोन बारीक दांड्यांवर तोलली आणि सोन्याचा मुलामा दिलेला सूक्ष्म गोळा तिच्याजवळ आणला. केवळ या ओढीने चकती कलली.

फोन आडवा धरताच चित्रही आडवे होते, ते आतल्या अशाच चिमुकल्या, स्प्रिंगवर तोललेल्या तुकड्यामुळे. आजच्या यंत्रांत फटी बऱ्याच मोठ्या असल्याने असे भाग चिकटतात ते बहुधा दमटपणाने किंवा विजेच्या भाराने. परंतु यंत्रे जसजशी लहान होतील तसतशी पोकळीची ओढ टाळता यावयाची नाही. स्प्रिंग दुप्पट ताणली तर दुप्पट जोराने मागे खेचते. पोकळी मात्र निम्म्या अंतराला सोळापट ओढते. एका मर्यादेपलीकडे स्प्रिंग हरते, तुकडा झपकन समोरच्या भागाला चिकटतो आणि यंत्र निकामी होते. म्हणून रचना करणारा आधीच स्प्रिंग ताठ करतो, मध्ये बारीक उंचवटे ठेवतो. ‘मध्ये तर काही नव्हते’ ही सबब त्याला चालत नाही.

माझे दोन मामेभाऊ आहेत. थोरला रोह्याला वडिलांच्या घरात, धाकटा नोकरीनिमित्त पेणला. गाडीने तासाभराचे अंतर. दर भाद्रपदात धाकटा पेणची गणेशमूर्ती घेऊन रोह्याला जाई आणि पाच दिवस आनंदात जात. आईच्या दीर्घ आजारपणाचा सारा खर्च थोरल्याने केला. त्याने तो कधी सांगितला नाही. धाकट्याने कधी विचारला नाही. वीस वर्षे काही बिघडले नाही. मग धाकटा निवृत्त होऊन रोह्याच्या त्याच घराच्या दुसऱ्या भागात राहावयास आला. मध्ये एक भिंत. दोन वर्षांत बोलणे बंद! कोणालाही विचारा, उत्तर एकच: आमच्यात काही नाही.

पत्र्यांचे नियम माणसांना लावू नयेत, हे मलाही कळते. पत्रा बिचारा जाणत नाही. माणूस जाणतो, म्हणूनच त्याच्यावर जबाबदारी येते. शिवाय सगळे मौन सारखे नसते. थोरल्याचे मौन औदार्याचे होते, धाकट्याचे सोयीचे. तरी दोन्ही मौने एकाच फटीत साठली आणि एकाच दिशेने ओढू लागली.

गेल्या गणपतीत धाकट्याने विचारले, “दादा, आईच्या औषधपाण्याला किती लागले रे?” थोरला बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आकडा राहू दे. विचारलंस, पुष्कळ झालं.”

परक्याशी न बोललेल्या शब्दाचे फारसे देणे नसते. माणूस जितका जवळचा, तितके ते देणे वाढते, आणि तेही सरळ हिशेबाने नव्हे. 2009 साली असेही दिसून आले, की सोने आणि काच यांच्यामध्ये योग्य द्रव असला तर हीच ओढ उलटते आणि त्यांना दूर ठेवते. मध्ये काय घालावयाचे, हे काही अंशी आपल्या हाती असते.

दिवाळीत घरे माणसांनी भरतात. एका खोलीत चार अंथरुणे पडतात, अंतरे कमी होतात. त्या चार दिवसांत एखादा राहून गेलेला प्रश्न विचारावा. उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर आणखी थोडा वेळ तेथेच बसावे.