शिक्षकाचा शीण

शिक्षकाचा पेशा हें व्रत आहे, असें आपण सर्वजण आदरानें म्हणतों. आणि तेवढें म्हटलें म्हणजे शिक्षकाविषयींचें आपलें कर्तव्य संपलें, असेंही बहुधा मानतों. परंतु व्रत ज्याचें त्यानें घ्यावयाचें असतें. उपवास एकानें करावा आणि पुण्य दुसऱ्यानें मोजून घ्यावें, याला व्रत म्हणत नाहींत.

कामापायीं माणूस आंतून जळून जातो, या अवस्थेस १९७४ मध्यें फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानें ‘बर्नआउट’ असें नांव दिलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें तिचीं तीन लक्षणें सांगितलीं : शक्तिक्षय, कामाविषयीं तुटकपणा, आणि आपल्या हातून कांहीं घडत नाहीं ही भावना. संघटनेनें तिला रोग न म्हणतां कामाच्या ठिकाणीं उपजणारी अवस्था मानलें. अर्थात् तिचें मूळ केवळ माणसाच्या स्वभावांत शोधणें बरोबर नाहीं.

शिकविल्यानें शिक्षक थकतो खरा. पण तो थकवा झोपेनें जातो. मागल्या बांकावरील मुलाला अडलेलें उदाहरण अकस्मात् सुटलें कीं दिवसाचे श्रम फिटतात. न फिटणारा शीण येतो तो शिकवूं न दिल्यामुळें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शिक्षकांस शिक्षणेतर कामें लावण्यास मनाई केली; जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद ठेविले. हीं राष्ट्रकार्येंच आहेत, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांच्या जोडीला तक्ते, छायाचित्रें आणि अहवाल येतात, आणि वर्गांतील मुलें वाट पाहत बसतात. महाराष्ट्रांत २००० सालीं सुरू झालेल्या योजनेनुसार नवा शिक्षक पहिलीं तीन वर्षें ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर राबतो. प्राथमिक शाळेंत हें मानधन २०२३ मध्यें दरमहा ६,००० रुपयांवरून १६,००० झालें. ‘सेवक’ हा शब्दही व्रताच्याच कुळांतला!

कोणी म्हणेल, समाधान हें मनाचें आहे. निष्ठावंताला दैन्य बाधत नाहीं. आम्हांस उलट वाटतें. ज्याला वर्गाची पर्वाच नाहीं, त्याला जळण्यासारखें कांहीं नसतें. निष्ठावंतच आधीं होरपळतो. म्हणून तुटक झालेल्या शिक्षकास आळशी ठरविण्यापूर्वीं, तो एके काळीं कसा होता, हें विचारावें. त्याच्यासमोर वर्षभर बसणारें मूल आपलेंच असतें, आणि तें वर्ष त्याला पुन्हा मिळत नाहीं.

गुरूचा गौरव अवश्य करावा. पण आधीं त्याचें वेतन पुरेसें व वेळेवर द्यावें, आणि त्याचा वेळ वर्गाला परत करावा. मग व्रत घ्यावें कीं नाहीं, हें त्याचें त्याला ठरवूं द्यावें.