सहावी सूना

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच सूना, म्हणजे पाच वधस्थाने, सांगितली आहेत: चूल, दळण्या-वाटण्याचा दगड, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाच ठिकाणी रोज अजाणता जीवहत्या होते, आणि तिच्या परिमार्जनासाठी स्वाध्याय, तर्पण, होम, भूतबळी आणि अतिथिपूजन हे पंचमहायज्ञ नेमून दिलेले आहेत. ही यादी मला लहानपणापासून पाठ होती. परंतु ज्या साधनाखाली घरात रोज सर्वांच्या डोळ्यांदेखत छेदन चालते, ती विळी या यादीत नाही, हे माझ्या ध्यानात आले ते गेल्या वर्षी. केरसुणीसाठी मूळ शब्द ‘उपस्कर’ असा व्यापक आहे, तेव्हा ओढूनताणून विळीलाही त्यात बसवता येईल. पण नावाने तिचा निर्देश नाही, एवढे खरे.

ध्यानात येण्यास निमित्त घडले ते पत्नीच्या गुडघ्यांचे. चाळीस वर्षे जी बाई विळीच्या पाटावर पाय रोवून, दोन्ही हातांत दुधी किंवा फणसाची फोड धरून, पात्यावरची नजर न ढळवता शेजारणीशी बोलत असे, तिला जमिनीवर बसण्याची मनाई झाली, आणि ओट्यावर ठेवून चालेल असे भाजी चिरण्याचे साधन आणण्याची कामगिरी माझ्याकडे आली. दुकानदाराने पाच-सहा प्रकार पुढे मांडले. तिरप्या पट्टीत पाते बसवलेल्या किसणीच्या जातीच्या चकत्या-यंत्रापासून दोरी ओढताच आत पाती गरगरणाऱ्या झाकणबंद डबीपर्यंत सर्व काही त्यांत होते. त्या डबीची शिफारस करताना तो म्हणाला, “काका, हिच्यात हाताला काही कळतच नाही.” त्याने हे गुण म्हणून सांगितले, आणि एका अर्थाने तो गुण आहेही, परंतु ते वाक्य घेऊन मी घरी आलो, डबी न घेता.

हाताला काही कळू नये, हे चांगले की वाईट? मला वाटते, मनूच्या यादीतून विळी का सुटली याचे उत्तर याच प्रश्नात आहे. चुलीतल्या लाकडात दडलेली मुंगी, धान्यातला किडा, घड्यातला सूक्ष्म जंतू, यांचा मृत्यू आपल्याला दिसत नाही; म्हणून त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो आणि यज्ञाने चुकता करावा लागतो. वनस्पतीला जीव नाही असे मानून विळी वगळली असेल, हे संभवत नाही. कारण त्याच स्मृतीच्या पहिल्या अध्यायात वनस्पतींना अंतःसंज्ञा असते आणि त्या सुखदुःख जाणतात असे म्हटले आहे, महाभारताच्या शांतिपर्वात भृगू भरद्वाजाला वृक्षांच्या ठायी इंद्रिये कशी आहेत हे सविस्तर पटवून देतो, आणि जैन दर्शन तर वनस्पतीची एकेंद्रिय जीवांत स्पष्ट नोंद करून कंदमुळे वर्ज्य करण्यापर्यंत जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी जगदीशचंद्र बोस यांनी आघात झालेल्या वनस्पतीचा विद्युत्-प्रतिसाद यंत्रावर उमटवून दाखवला. त्या प्रतिसादाला वेदना म्हणावे की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी, चिरली जाणारी वस्तू निव्वळ माती नव्हे, एवढे आपल्या परंपरेने कधी नाकारलेले नाही. तेव्हा माझा तर्क असा, की विळीवरची हिंसा अजाणता नसते. ती जाणून केलेली असते, आणि जाणून केलेल्या कर्माला प्रायश्चित्ताहून निराळे काही लागते. त्याला लागते अवधान.

हे अवधान आमच्या बायकांनी भाषेत जपून ठेवले आहे. नारळ फोडायचा नसतो, तो वाढवायचा असतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवीत नाहीत, मालवतात. भाजीही आमच्या घरी कापली जात नाही, ती चिरली जाते. लहानपणी ‘कापली’ म्हटले तर आजी शब्द दुरुस्त करवून घेत असे. अखंड कोहळा तर स्त्रीने चिरूच नये, त्याला पहिला घाव पुरुषाने घालावा, असा दस्तूर पुष्कळ घरांतून आहे, कारण कोहळा हा पशुबळीच्या जागी आलेला बळी आहे. भोळ्या समजुती म्हणून या गोष्टींची वासलात लावणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. ज्या घरात कोहळ्यापुढे क्षणभर थांबले जाते, त्या घराला आपण काय करीत आहोत हे ठाऊक आहे.

वनपर्वातील धर्मव्याधाची कथा या संदर्भात मला सर्वांत मोलाची वाटते. तपाचा अभिमान झालेल्या कौशिक ब्राह्मणाला एक गृहिणी मिथिलेच्या व्याधाकडे धाडते, आणि तो व्याध मांस विकण्याच्या जागेवर, सूनेतच, बसलेला सापडतो. तो स्वतः पशू मारीत नाही, परंतु त्या सबबीआड लपतही नाही. नांगर धरणारा भूमीतले किती जीव मारतो, चालणारा पायाखाली किती चिरडतो, धान्याच्या बीजातही जीव आहेत, हे सर्व तो शांतपणे पुढे ठेवतो, आणि संपूर्ण अहिंसा कोणाला साधली आहे, असे विचारतो. त्या उत्तरात निर्दयतेला मुभा नाही. हिंसा कमी करण्याची जबाबदारी प्रत्येकाच्या हाती आहे, एवढाच त्याचा आशय मला घेता येतो.

ती कमी कशाने होते? येथे तत्त्वज्ञानाला लोहाराच्या दुकानात यावे लागते. सामान्य समजूत अशी, की बोथट पाते निर्धोक आणि धारदार पाते भयंकर. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. बोथट पात्याला जोर लागतो, जोराने हात घसरतो, आणि घसरलेला हातच कापतो. कांद्याच्या बाबतीत तर हे डोळ्यांनाच कळते: पेशी चेंगरल्या की त्यांतील विकर मोकळे होऊन डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो, आणि तीक्ष्ण पात्याने पेशी कमी चेंगरत असल्यामुळे रडूही कमी येते. कांद्याला कमी इजा आणि चिरणाराला कमी इजा, या दोन्ही गोष्टी एकाच धारेवर उभ्या आहेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

गीतेच्या 18व्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. चिरण्याच्या साधनाची पारख करताना मी हाच क्रम मनाशी धरला. अधिष्ठान आधी, ओट्यावर जे साधन सरकते ते कितीही सुबक असले तरी नको, पायांना रबर हवे किंवा कडेला अडकवण्याची सोय हवी. करण म्हणजे पाते पोलादी असावे, किमान 10.5 टक्के क्रोमियम असलेल्या पोलादाला गंज सहसा धरत नाही, आणि जुन्या लोखंडी पात्यावर कच्ची केळी नि आवळे जसे काळवंडत तसे यावर होत नाही. चेष्टेचा, म्हणजे हाताच्या हालचालीचा, विचार मात्र लोक करीत नाहीत. चकत्या-यंत्रात, विळीप्रमाणेच, पाते स्थिर असते आणि भाजी चालते. बटाटा मोठा असतो तोवर तळवा दूर असतो, परंतु शेवटचा तुकडा उरतो तेव्हा हात पात्याला भिडू पाहतो. यासाठीच त्याबरोबर खिळ्यांची पकड दिलेली असते, आणि पहिल्याच आठवड्यात अडगळ म्हणून ती खणात जाते. पकडीवाचून यंत्र घेऊ नये; घेतलेच तर शेवटचा तुकडा यंत्रावर नेऊ नये, तो सुरीने चिरावा किंवा आमटीत तसाच सोडावा. आणि पाते धुण्यासाठी सहज सुटे व्हावे, कारण सांदीत कुजणारा अंश हीसुद्धा नकळत निर्माण झालेली एक सूनाच आहे.

त्या झाकणबंद डबीवर माझा राग नाही. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे किंवा बोटे थरथरतात, त्यांनी तीच घ्यावी. स्वतःच्या हाताला इजा करून घेणे ही काही अहिंसा नव्हे. परंतु ज्याला दिसते आणि ज्याचा हात स्थिर आहे, त्याने पाते दिसेल असेच साधन घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. मी तिरप्या पट्टीचे, पकडीसहित, किसण्याची जोडपट्टी असलेले यंत्र आणले. पत्नीने पहिल्या दिवशी त्याच्या पात्याला हळदकुंकू लावले, आणि मला ते अगदी उचित वाटले.

विळी माळ्यावर गेली. आश्विनात घरात कोहळा आला तेव्हा ती पुन्हा खाली काढावी लागली, कारण अखंड कोहळा त्या पट्टीवर बसणे शक्य नव्हते. पत्नी खुर्चीवर बसली होती, मी पाटावर. “अहो, आधी पाते पुसा,” ती म्हणाली, “आणि पाय नीट रोवून बसा. घाई करू नका.” मी पाते पुसले, कोहळा दोन्ही हातांत धरला, आणि तो किती जड आहे हे मला प्रथमच कळले. पहिला घाव बसताच पांढरा गर उघडा पडला. दोन्ही भकले मी ओट्यावर ठेवली. तिने खणातून पकड काढली आणि वड्यांसाठी कोहळा किसायला घेतला.