किडकिडीत माणसाचं पोट

नाशिकच्या पंचवटीत सकाळी रामकुंडाच्या पायऱ्यांवर बसलं, की माणसांची शरीरं जशी आहेत तशी दिसतात. दशक्रियेला आलेले, अस्थी घेऊन आलेले, लांबचे यात्रेकरू आणि रोज गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, येणारे पंचवटीकर, सगळेच इथे उघड्या अंगाने पाण्यात उतरतात. त्यांत एक बांधा पुन्हा पुन्हा दिसतो. दंड बारीक, मांड्या सुकलेल्या, गळ्याखालची हाडं वर आलेली आणि मधोमध गोल, टणक, पुढे आलेलं पोट. असा माणूस काट्यावर उभा राहिला तर वजन पासष्ट किलोच्या आत भरेल. त्याला कोणी जाडा म्हणत नाही, तोही स्वतःला जाडा समजत नाही. मला काळजी वाटते ती त्याचीच.

आपल्याकडे सुटलेल्या पोटाकडे कौतुकाने पाहिलं जातं. लग्नानंतर पोरगा अंगाने भरला तर सासरचं अन्न मानवलं म्हणतात, चाळिशीत पोट आलं तर खात्यापित्या घरचा म्हणतात. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या दुष्काळ आणि अर्धपोटी दिवस पाहिले, त्याला भरलेल्या पोटाचं समाधान वाटणारच. पण एकूण चरबी किती यापेक्षा ती साठली कुठे, यावर हृदयाचं पुष्कळ अवलंबून असतं. फ्रान्समधल्या मार्सेचे डॉक्टर झां वाग यांनी हे १९४७ मध्येच मांडलं होतं. मांड्या-नितंबांवर चरबी असणाऱ्यांपेक्षा कमरेच्या वर, पोटाभोवती चरबी साठणाऱ्यांना मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे आजार जास्त होतात, असं त्यांचं निरीक्षण होतं.

पोटाच्या कातडीखालची, चिमटीत धरता येणारी चरबी त्या मानाने निरुपद्रवी. खरा त्रास देते ती आत, आतड्यांच्या आजूबाजूला आणि त्यांच्यावर पदरासारख्या पसरलेल्या पडद्यात साठलेली. तिथलं रक्त थेट यकृताकडे जातं. त्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं यकृतावर येऊन आदळत राहतात. मग यकृत ट्रायग्लिसराइड जास्त बनवू लागतं, इन्सुलिनला दाद देईनासं होतं, रक्तातली साखर वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं आणि वाईट कोलेस्टेरॉलचे कण बारीक, घट्ट होतात. शिवाय ही चरबी दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडत असते. रक्तदाब चढतो, हृदयाच्या धमन्यांत थर बसत जातो. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं आणि त्यातलं काहीही दुखत नाही.

यात महाराष्ट्राचं स्वतःचं काम आहे आणि ते घरोघरी माहीत असायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्याआधी १९९३ पासून याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला होता. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयवही लहान होते. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुढे पुणे आणि लंडन इथल्या नवजात बाळांचे एमआरआय काढले, तेव्हा आपल्या बाळांच्या पोटात चरबी जास्त आढळली. रामकुंडावर दिसणाऱ्या त्या बांध्याची सुरुवात अशी आईच्या पोटातच होते.

म्हणूनच पोट सुटलेल्या माणसाला आळशी, खादाड म्हणून हिणवणं मला मान्य नाही. त्याचे स्नायू कमी का पडले, हा प्रश्न त्याच्या आईच्या ताटापाशी जातो. त्याच पुणे अभ्यासात दिसलं, की ज्या गरोदर बायकांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं आकाराने मोठी होती, आणि ज्या शेतात व घरात जास्त राबत होत्या त्यांची लहान. आता पंचवटीतच दिंडोरी रोडवरच्या बाजार समितीत संध्याकाळी जाऊन पाहा. कोथिंबीर, मेथी, शेपू, कांदापात यांच्या जुड्यांचे ढीग लागतात, शेकड्याच्या भावाने लिलाव पुकारला जातो, माल गाड्यांत भरला जातो आणि रात्रीतून मुंबईकडे निघतो. या जुड्या ज्यांनी वाकून वाकून खुडल्या आणि बांधल्या, त्यांत दिवस गेलेल्या बायकाही असतात. त्यांच्या रात्रीच्या जेवणात त्या मेथीतली मूठभर तरी असते का? हृदयरोगाच्या चर्चेत हा प्रश्न मला कधी ऐकू येत नाही. चाळिशीतल्या पुरुषाला गोळी लिहून देणं सोपं असतं. अठराव्या वर्षी पोटुशी राहिलेल्या मुलीला वाटीभर डाळ, पालेभाजी आणि दुपारची विश्रांती मिळवून देणं अवघड. पण पुढच्या पिढीचं हृदय तिथेच घडतं.

५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातही बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांच्या घेरांच्या प्रमाणावरून हृदयविकाराच्या झटक्याचा धोका अधिक नेमका कळला. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आला होता, इतरांना ५९व्या. त्या सहा वर्षांत आपल्याकडे मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, घराचे हप्ते असं सगळं असतं. त्यातून छातीत दाटलं की ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन पडून राहणारे थोडेथोडके नाहीत. ‘माझं वजन कुठे जास्त आहे?’ हा भरवसा त्या सोड्यामागे असतो.

बायकांचं तर आणखी वाईट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत कमरेचा घेर मोजला गेला, तेव्हा देशात सुमारे ४० टक्के बायकांचं आणि १२ टक्के पुरुषांचं पोट मर्यादेबाहेर निघालं. बाईचं पोट मात्र ‘बाळंतपणानंतर सुटलंय’ या एका वाक्यात निकालात निघतं. पाळी जाईपर्यंत चरबी नितंबांवर साठते आणि काही प्रमाणात संरक्षण मिळतं. त्यानंतर ती पोटाकडे वळते. नेमक्या त्याच वयात आपल्या बायका स्वतःच्या तपासण्या पुढे ढकलत असतात.

घेर मोजतानाही आपण चुकतो. ‘माझी कंबर चौतीस’ म्हणणारा माणूस पॅण्टचा नंबर सांगत असतो, आणि पॅण्ट तर पोटाच्या खाली घसरलेली असते. शिवणकामाची टेप घ्यावी. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मधोमध ती आडवी धरावी. पोट आत ओढू नये, सहज श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचावा. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि बाईला ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा. उंचीच्या निम्म्याच्या आत कंबर असावी, हा हिशेबही चालतो.

आत साठलेली ही चरबी हलते, हे मात्र मोठं आश्वासन आहे. वजन थोडं उतरलं तरी ती भराभर कमी होते, आणि नियमित व्यायामाने काट्यावरचा आकडा जागच्या जागी राहूनही कमी होऊ शकते. नुसतं पोटाचे व्यायाम करून तेवढंच पोट उतरत नाही. चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेचाही उपयोग नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५ लठ्ठ बायकांच्या कातडीखालून सुमारे १० किलो चरबी शोषून काढली, तरी त्यांचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांत सुधारणा झाली नाही. चालणं हवंच, पण ज्यांचे स्नायूच जन्मापासून कमी त्यांना तेवढं पुरत नाही. जोर, बैठका, वजनं उचलणं हवं. पंचवटीला हे नवं नाही. चैत्रात काळारामाच्या रथोत्सवात रथ ओढायला इथल्या तालमींचीच पोरं पुढे असतात. त्या तालमींत पन्नाशीच्या पुरुषांनी आणि बायकांनीही पाऊल टाकावं, वस्तादांनी त्यांना वयाप्रमाणे, डॉक्टरांचा सल्ला घेऊन, हळूहळू शिकवावं.

आणि पंचवटीतल्या प्रत्येक दवाखान्यात, अंगणवाडीत, आरोग्य केंद्रात वजनकाट्याशेजारी एक टेप टांगलेली असावी. तिला फार पैसे लागत नाहीत. तोवर घरात जी टेप असेल तिने आजच सगळ्यांची कंबर मोजा, बारीक दिसणाऱ्यांची आधी. आकडा जास्त निघाला तर याच आठवड्यात रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या.