मौनाची मुदत

इंदुराहून उज्जयिनीला निघाले की वाटेत सांवेर लागते, आणि सांवेर म्हटले की माळव्यातल्या भाविकाच्या डोळ्यांपुढे शेंदराने माखलेले ते उलटे मुख उभे राहते. कारण येथील हनुमंताचे मस्तक भूमीकडे आहे. अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पळवून नेले, तेव्हा त्यांच्या शोधार्थ मारुती येथूनच पाताळात उतरला, अशी येथील श्रद्धा आहे. त्या मूर्तीपुढे मी लहानपणापासून हात जोडत आलो. परंतु ज्याचा प्रतिसाद येत नाही तो आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणाला आणि किती काळाने प्राप्त होतो, हा प्रश्न तिच्यापाशी येऊन थांबतो हे मला कळले, ते माझ्या पोटापाण्याच्या उद्योगातील एका वाईट रात्रीनंतर.

मी सांवेरच्या घरी बसून दूरच्या एका संस्थेचे सर्व्हर सांभाळतो. दर्शनी वेब सर्व्हर लोकांच्या विनंत्या घेतो आणि मागे बसलेल्या दोन ॲप्लिकेशन सर्व्हरांपैकी एकाकडे त्या पोचवतो. एक बंद पडला तर दुसऱ्याने त्याचे काम उचलायचे, यालाच फेलओव्हर म्हणतात. दर विनंतीला नवे कनेक्शन जोडण्यात वेळ जातो, म्हणून दर्शनी सर्व्हर एकदा जुळलेली कनेक्शने मोडीत न काढता जपून ठेवतो आणि पुनःपुन्हा वापरतो. पेढीवरचा जुना मुनीम ओळखीच्या आसामीची दर वेळी चौकशी करीत नाही, तसाच हा शिरस्ता आहे, आणि एरवी तो हिताचाच ठरतो.

त्या रात्री पहिल्या सर्व्हरकडे जाणाऱ्या वाटेवरील स्विचची वीज गेली. सर्व्हर रीतसर बंद केला असता तर प्रत्येक कनेक्शनवर निरोपाची खूण ठेवून तो गेला असता. येथे वाटच तुटल्यामुळे निरोप कोणी कोणाला दिलाच नाही, आणि दर्शनी सर्व्हरच्या दफ्तरी ती सारी कनेक्शने हयातच राहिली. त्यांत तो विनंत्या लिहीत गेला आणि उत्तराची वाट पाहत राहिला. दुसरा सर्व्हर धडधाकट असूनही निम्मे लोक खोळंबले. पहाटे मी दोन्ही सर्व्हरांचे लॉग समोरासमोर ठेवून रुजुवात घातली, तेव्हा शुल्क भरण्याची एकच विनंती, तोच क्रमांक, दोन्हींकडे नोंदलेली आढळली: पहिल्याकडे २२:४१:०७ या वेळी, दुसऱ्याकडे तीस सेकंदांनी. पहिल्याने काम पुरे केले होते, त्याचे उत्तर तेवढे वाटेत हरवले. दर्शनी सर्व्हरने तीस सेकंद वाट पाहून तो गेला असे मानले, तीच विनंती दुसऱ्याच्या हाती दिली, आणि कोणा विद्यार्थ्याच्या खात्यातून शुल्क दोनदा गेले. हाकेबाहेर गेलेल्याला हाकेत आहे असे मानण्याची चूक आणि काम पार पाडलेल्याला मृत मानण्याची चूक, अशा दोन्ही चुका एकाच मौनातून निघाल्या होत्या.

आपल्या दर्शनकारांनी या संकटाचा फार बारकाईने विचार केला आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात बुद्धीचे स्मृती आणि अनुभव असे दोन भेद करून प्रमेची पदवी यथार्थ अनुभवालाच दिली आहे. जपून ठेवलेले कनेक्शन ही अशीच स्मृती, उपयोगी खरी, पण प्रमाण नव्हे. मग नसणे कशाने कळावे? भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, परंतु तिला योग्यतेची अट घातली: घट येथे असता तर दिसलाच असता, असे जेथे म्हणता येते तेथेच त्याच्या न दिसण्यावरून त्याचे नसणे सिद्ध होते, अंधाऱ्या खोलीत ते होत नाही. दोन सर्व्हरांमधली वाट ही अशीच अंधारी खोली आहे. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटर्सन या संशोधकांनी सिद्ध केले की निरोप पोचण्यास लागणाऱ्या वेळेला जेथे कसलीच मर्यादा नाही, तेथे एखादेच यंत्र बंद पडण्याचा संभव असला तरी त्या यंत्रांचे एकमत ठरीव पद्धतीने हमखास घडवून आणता येत नाही. कारण मंद कोण आणि मृत कोण, हे बाहेरून ओळखता येत नाही.

म्हणून मुदत घालावी लागते, आणि मुदत ही ज्ञानातून निघत नसून निर्णयातून निघते. इंटरनेटच्या १९८९ च्या नियमपत्रात निष्क्रिय कनेक्शनची नाडी पाहण्याची मूळ मुदत दोन तासांहून कमी नसावी असे ठरले, आणि लिनक्समध्ये ती आजही ७२०० सेकंदांची आहे. परागंदा माणसासाठी धर्मशास्त्रकारांनी बारा वर्षे सांगितली, १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने सात. माझे आजोबा दर नोव्हेंबरात धुतलेले धोतर नेसून हयातीचा दाखला द्यायला जात. घरातल्यांना त्यांच्या असण्याविषयी शंका नव्हती, पण निवृत्तिवेतन देणाऱ्या दूरच्या दफ्तराला त्यांचा श्वास ऐकू येत नव्हता.

मुदत नाकारण्याचे धैर्यही आपल्या इतिहासाने पाहिले आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी त्यांचे निधन मानले नाही आणि १७६३ साली स्वतः निधन पावेपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. त्या निष्ठेपुढे मी नतमस्तक आहे, कारण तिची किंमत त्यांनी एकट्यांनी मोजली. परंतु राज्याला असे थांबता येत नाही. जी प्रतीक्षा खातरजमा करीत नाही, तिच्या उघड्या दारातून तोतयाही आत येतो, आणि १७७६ साली देहान्ताची शिक्षा झालेल्या भाऊच्या तोतयाने तेवढ्या काळात किती माणसे आपल्यामागे ओढली! ज्याच्यावर इतरांचा भार आहे त्याला न कळताही ठरवावे लागते, आणि ठरवल्यावर ती चूक असू शकेल हे विसरता येत नाही.

ही विनम्रता मला धर्मशास्त्राच्या एका विधीत सापडली. महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात त्याची नोंद घेतली आहे: ज्याचे और्ध्वदेहिक होऊन गेले तो जिवंत परतला, तर त्याला तुपाच्या कुंभातून काढून स्नान घालावे, त्याचे जातकर्मापासूनचे संस्कार नव्याने करावे, आणि विवाहही पुन्हा लावावा. त्याला दाराबाहेर ठेवलेले नाही. पण जणू गेलाच नव्हता असे जुन्या जागी बसूही दिलेले नाही, कारण मधल्या काळात जग त्याच्यावाचून पुढे गेले. आमचा पहिला सर्व्हर वाट जुळताच आपल्या स्मरणातील जुनी, अर्धवट भरलेली सत्रे घेऊन कामावर आला, आणि लोकांना त्यांचे शिळे अर्ज दिसू लागले. त्याची सर्व कनेक्शने तोडून, सत्रे पुसून त्याला रिस्टार्ट केले, तेव्हाच तो पुन्हा व्यवहारास पात्र झाला.

विद्यार्थ्याचे जादा शुल्क परत गेले. जपलेल्या कनेक्शनांची मुदत मी आखूड केली. वापरापूर्वी प्रत्येकाला एक लहानशी हाक घालण्याची व्यवस्था केली, टॉमकॅट या ॲप्लिकेशन सर्व्हरच्या जोडणीत जिला सीपिंग आणि जिच्या उत्तराला सीपाँग म्हणतात. आणि पैशाची विनंती, आधीच्या सर्व्हरकडे काय घडले याचा शोध घेतल्यावाचून, दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही असे ठरवले. त्यानंतरच्या शनिवारी मी मारुतीपुढे उभा राहिलो. त्या वेळी त्यालाही आपल्या स्वामींची हाक येत नव्हती. काल ते येथे होते या स्मृतीवर तो स्वस्थ बसला नाही, आणि मौन हाच पुरावा मानून त्याने शोकही मांडला नाही. जेथे आवाज पोचत नव्हता त्या अंधारात तो स्वतः उतरला. खाली वळलेल्या त्या मस्तकाला मी त्या दिवशी प्रथमच, काय मागावे हे नीट जाणून, नमस्कार केला.