दाबून ठेवलेली फांदी

मननासाठी वाचन : योहान १५:१-११



भाषांतराच्या कामानिमित्त काही वर्षे मी कुमाऊंतील एका डोंगरगावी राहत होतो. घराच्या कुंपणावर हनीसकलची वेल होती. आपल्या अंगणात मधुमालती म्हणून जी वेल चढते, तिच्याहून ही निराळी. हिची फुले पांढरी उमलतात, एक-दोन दिवसांत पिवळी होतात, आणि सायंकाळी त्यांचा सुगंध दूरवर पसरतो. मूळची ती चीन, कोरिया व जपान या देशांची. चिनी भाषेत फुलाला ‘सोन्यारुप्याचे फूल’ व वेलीला ‘हिवाळा सोसणारी’ म्हणतात. हे दुसरे नाव किती यथार्थ आहे, हे मी तेथील बर्फात पाहिले.

या वेलीची छाट कलमे पावसाळ्यात लावता येतात. परंतु तेथील एका वृद्ध माळ्याने मला दाब कलम शिकविले. जमिनीलगतची लवचीक फांदी घ्यावी. पानांची एक जोडी काढून त्या गाठीखालची साल हलकेच खरवडावी. ती गाठ दोन-तीन बोटे खोल मातीत पुरून वर दगड ठेवावा. शेंडा मात्र उजेडात राहू द्यावा. माती ओलसर ठेवावी, आणि फांदी वेलीपासून तोडू नये. मुळे धरेपर्यंत तिचे पोषण वेलच करते. पुढील वसंतात ती वेगळी करून लावावी.

मी सर्व तसेच केले. पण मला धीर नव्हता. महिन्याभरात दोनदा दगड उचलून मी फांदी ओढून पाहिली. दुसऱ्या वेळी दोऱ्यासारखी पांढरी मुळे तुटून हाती आली. माळ्याने काही न बोलता दगड पुन्हा जागेवर ठेवला.

त्याच सुमारास आमचा मुलगा बंगळूरला नोकरीस लागला होता. तेथे तो उपासनेला जाईनासा झाला. दर रविवारी मी फोन करी आणि पहिला प्रश्न विचारी, “आज उपासनेला गेला होतास का?” काही महिन्यांनी त्याने रविवारी फोन उचलणेच सोडले. मी पित्याचे कर्तव्य करीत आहे, अशी माझी समजूत होती. वस्तुतः मी दगड उचलून मुळे तपासत होतो.

तेव्हा आम्ही योहानाच्या १५ व्या अध्यायाचा मसुदा तपासत होतो. ४ ते १० या वचनांत ‘राहणे’ या अर्थाचे ‘मेनो’ हे ग्रीक क्रियापद १० वेळा आले आहे. फांदीने वेलीत राहावे. निगा राखणारा माळी पिता आहे, असे पहिलेच वचन सांगते. ‘माळी’ हा शब्द मी कितीदा तरी लिहिला होता. पण तो माळी मी नव्हे, हे मला त्या दिवशी उमगले.

वाचकहो, आपणांपैकी अनेकांची मुले परप्रांतांत, परक्या मातीत आहेत. कोणी शोकाच्या, कोणी संशयाच्या दगडाखाली दाबले गेले आहेत. वरून पाहता काहीच घडत नाही. अशा वेळी प्रार्थनेने व मायेने माती ओलसर ठेवणे, एवढेच आपले काम. रागाने संबंध तोडणे म्हणजे मुळे धरण्याआधी कात्री लावणे होय.

माझ्या फांदीची मुळे तुटली, तरी ती मेली नाही; कारण ती वेलीला जोडलेली होती. एका वसंताऐवजी तिला दोन वसंत लागले. येथे दृष्टान्ताची मर्यादाही लक्षात घ्या. दाब कलम एके दिवशी वेलीपासून कापावेच लागते. ख्रिस्तापासून मात्र वेगळे होण्याचा दिवस आपणांस कधीच नेमलेला नाही. मूळ धरल्यावरही त्याच्यातच राहावयाचे आहे.

मुलाला तो प्रश्न मी आता विचारीत नाही. तो रविवारी फोन उचलतो. आम्ही घरच्या गोष्टी बोलतो. तो उपासनेला जातो की नाही, मला ठाऊक नाही. माळ्याला ठाऊक आहे.

प्रार्थना : हे पित्या, आमच्या उतावळ्या हातांनी जी मुळे तोडली, ती तुझ्या कृपेने पुन्हा फुटू दे. आम्हांला व आमच्या मुलांना तुझ्या पुत्रात राख. आमेन.