चिनी भिक्षूंचे शाक्यगोत्र

चिनी त्रिपिटकातील ग्रंथकर्त्यांची नावे क्रमाने वाचीत गेले असता एकच कुळनाम पुनःपुन्हा दृष्टीस पडते, आणि त्या नावाखाली नांदणाऱ्या विद्यांचा पसारा पाहून प्रथमदर्शनी कोणासही असे वाटावे, की हे एखादे पिढीजात विद्वानांचे घराणे असले पाहिजे. भाषांतरात मूळ ग्रंथाचे काय हरवते ह्याची चिकित्सा करणारा ताओ-आन, विनयाच्या पोथ्या शोधीत सिंहलद्वीपापर्यंत गेलेला फा-हिएन, पूर्वसूरींच्या ग्रंथसूची जतन करणारा सेंग-यू, भिक्षूंची चरित्रे लिहिणारा हुई-च्याओ, पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन करून ठेवणारा ह्युएन-त्संग, नालंदेतील व्याकरणाच्या अभ्यासक्रमापासून दंतकाष्ठाच्या उपयोगापर्यंत सर्व काही टिपून घेणारा इ-त्सिंग, आणि ज्याच्या देखरेखीखाली ७२४ साली साम्राज्यभर शंकूच्या छाया मोजल्या गेल्या तो ज्योतिषी यी-शिंग, ह्या सर्वांचे कुळनाम एकच : ‘शी’.

ह्यांपैकी कोणाचाही कोणाशी रक्तसंबंध नव्हता. ताओ-आन जन्माने वेई कुळातला, फा-हिएन कुंग, ह्युएन-त्संग छेन. इ-त्सिंग आणि यी-शिंग हे दोघे जन्माने च्यांग खरे, परंतु ते चिनी समाजातील अतिशय प्रचलित नाव असून त्या योगाने त्या दोघांत कसलेच नाते सिद्ध होत नाही. ‘शी’ हे शाक्यमुनीच्या चिनी नावाचे आद्याक्षर होय. सहस्र योजने दूर असलेल्या, ज्यांचे राज्य बुद्धाच्या हयातीतच मोडले असे परंपरा सांगते, त्या शाक्यांचे नाव चिनी भिक्षूंनी आपल्या नावापुढे लावले, आणि चिनी रीतीप्रमाणे कुळनाम प्रथम येत असल्याने ते प्रत्येकाच्या मस्तकावरच जाऊन बसले.

येथे एक तात्त्विक प्रश्न उपस्थित होतो, आणि तो जितका चीनचा तितकाच आपलाही आहे. स्वेच्छेने घेतलेल्या नावाने खरे कुळ निर्माण होते काय? ह्याहूनही अवघड प्रश्न असा, की जो धर्म आत्म्याचेच अस्तित्व मानीत नाही, ज्या धर्मातील नागसेनासारखा आचार्य मिलिंद राजाला ठणकावून सांगतो की ‘नागसेन’ ही केवळ व्यवहाराची संज्ञा असून तिच्यामागे कोणी पुरुष सापडत नाही, त्या धर्माच्या अनुयायाने एक कुळनाम टाकून दुसरे धारण करण्याची उठाठेव तरी का करावी?

ह्या प्रश्नाचे गांभीर्य कळण्यास चीनमध्ये कुळनामाला काय मोल होते ते पाहिले पाहिजे. तेथे मनुष्य म्हणजे पूर्वज आणि वंशज ह्यांच्या मधला एक दुवा. पितरांच्या पूजा-नैवेद्याची परंपरा पुत्राने चालवावयाची, आणि ती खंडित करणे ह्यासारखा दुसरा अधर्म नाही अशी कन्फ्यूशियसच्या अनुयायांची दृढ धारणा होती. सरकारदप्तरातही माणसाची नोंद घराण्याच्या खात्यावर होई. सारा आणि वेठबिगार ह्यांची आकारणी त्याच खानेसुमारीवरून चाले. अशा समाजात मुंडन करून घर सोडणारा मनुष्य पितरांचा अपराधी ठरे आणि सरकारी हिशेबातूनही नाहीसा होई.

आरंभीच्या चिनी भिक्षूंनी ह्यावर एक मधला मार्ग काढला होता : गुरूचे कुळनाम शिष्याने घ्यावयाचे. परदेशी आचार्यांची कुळनामे बहुधा त्यांच्या देशांवरून पडलेली असत, म्हणजे पार्थियातून आलेला ‘आन’, युएची लोकांपैकी असला तर ‘च्रि’, सुग्ध देशचा ‘खांग’, भारतातला ‘चू’. ‘सद्धर्मपुंडरीका’चा भाषांतरकार धर्मरक्ष ह्याचे पूर्वज युएची, तो स्वतः तुन-हुआंगचा रहिवासी; परंतु त्याचा गुरू भारतीय असल्यामुळे चिनी ग्रंथांत त्याचे नाव ‘चू फा-हू’ असे लिहिले जाते. ह्या व्यवस्थेत गुरुभक्ती होती ह्यात शंका नाही. परंतु तिच्यामुळे एका संघात जितके गुरू तितकी कुळे झाली, आणि ज्या भेदांतून बाहेर पडण्यासाठी घर सोडले ते भेद विहारात नव्या रूपाने येऊन राहिले.

हे ज्याच्या ध्यानात आले तो ताओ-आन ३१२ साली जन्मला आणि लहानपणीच पोरका झाला. बाराव्या वर्षी तो विहारात आला. रूपाने तो ओबडधोबड होता, म्हणून गुरूने त्याच्याकडे लक्ष न देता त्याला तीन वर्षे शेतकामास जुंपले, आणि त्याने ते कुरकुर न करता केले. पुढे एके दिवशी त्याने वाचावयास एक सूत्र मागितले. गुरूने सुमारे ५,००० अक्षरांची एक पोथी दिली. ती घेऊन तो शेतावर गेला, कामाच्या मधल्या विसाव्यात त्याने ती वाचली, आणि सायंकाळी परत करून दुसरी मागितली. काल दिलेली अजून वाचून व्हावयाची, आणि लगेच दुसरी कशी मागतोस, असे गुरूने विचारले. ती पाठ झाली आहे, असे मुलाने सांगितले. गुरूला नवल वाटले, पण विश्वास बसला नाही. त्याने सुमारे दुप्पट लांबीची दुसरी पोथी दिली. तीही संध्याकाळी परत आली, आणि गुरूने पोथी हाती धरून पाठ तपासला तेव्हा एका अक्षराचाही फरक आढळला नाही. हुई-च्याओने भिक्षुचरित्रात नोंदलेली ही हकीकत मला त्याच्या पुढील सर्व कर्तृत्वाहून अधिक बोलकी वाटते; कारण ज्याला ना आई-बाप, ना रूप, ना गुरूचा लोभ, अशा मुलाच्या पदरी वारसा म्हणून जे काही पडले ते त्या दोन पोथ्यांतूनच पडले.

ह्या ताओ-आनाने पुढे निर्णय दिला, की सर्व गुरूंचा गुरू शाक्यमुनी असल्याने सर्व भिक्षूंचे कुळनाम एकच असावे. त्याने हे ठरविले तेव्हा त्याच्या हाताशी शास्त्राधार नव्हता. त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या काळात छांग-आन येथे ‘एकोत्तर-आगमा’चे भाषांतर झाले, आणि त्यात चारही महानद्या समुद्रास मिळाल्यावर आपली नावे टाकतात, तसेच चारही वर्णांचे लोक श्रमण झाल्यावर शाक्यपुत्र म्हणून ओळखले जातात, असे बुद्धवचन निघाले. पालीतही हा दृष्टान्त आहे. मात्र ह्यात एक अंतर आहे, ते सहसा कोणी लक्षात घेत नाही. भारतात हे वचन वर्णव्यवस्थेला उद्देशून बोलले गेले. चीनमध्ये वर्ण नव्हते, म्हणून तेच वचन वंशाला आणि देशाला लागू पडले. पार्थियन, सुग्ध, भारतीय आणि हान ह्या चार नद्यांना समुद्र दाखविणे हे ताओ-आनाचे खरे काम होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे. देवऋण यज्ञाने, पितृऋण प्रजेने आणि ऋषिऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने, फेडावयाचे. चिनी कुळव्यवस्थेत पितृऋणाची जाण पराकोटीची होती. ऋषिऋणाला तिने मान दिला, पण नाव दिले नाही. ‘शी’ ह्या कुळनामाने ते दिले. हे नाव घेणारा मनुष्य मी कोणाच्या पोटी जन्मलो हे सांगत नसून मी कोणाचा देणेकरी आहे हे सांगतो. नागसेनाच्या वचनाशी ह्याचा विरोधही येत नाही; उलट, नावामागे कोणतेही अविकारी सत्त्व नाही हे ज्याला पटले आहे तोच नावाचा मोह न धरता त्याचा कर्तव्यासाठी विनियोग करू शकतो. संज्ञा व्यवहारापुरती खरी असेल, तर तिचा खरेपणा व्यवहारातच तपासावा लागेल.

तो व्यवहार कसा होता हे ताओ-आनाच्याच सूचीवरून दिसते. ३७४ च्या सुमारास त्याने उपलब्ध भाषांतरित ग्रंथांची यादी केली. कोणता ग्रंथ कोणी भाषांतरित केला, कोणाचा भाषांतरकार अज्ञात आहे, हे त्याने वेगवेगळे लावले, आणि बुद्धाच्या नावावर खपविलेले जे २६ ग्रंथ त्याला संशयास्पद वाटले त्यांचा निराळा वर्ग केला. भाविकांना प्रिय असलेल्या ग्रंथांवर संशयाची खूण करणे ह्याला केवढे धैर्य लागते! ह्या सूचीची स्वतंत्र प्रत आज नाही, परंतु सेंग-यूने ती शतकाहून अधिक काळाने आपल्या ग्रंथात सामावून घेतल्यामुळे ती वाचली. यी-शिंगचा व्यवहारही असाच. एक हजार ली दक्षिणेस गेले की छाया एका चिनी इंचाने बदलते, हा शतकानुशतके प्रमाण मानलेला सिद्धान्त त्याने प्रत्यक्ष मापनाने खोटा पाडला आणि ध्रुवाच्या उंचीतील एका अंशाला ३५१ ली ८० पावले असे माप बसविले. एकाने ग्रंथ तपासले, दुसऱ्याने आकाश; पण परंपरेने हाती दिलेले मोजून पाहिल्याशिवाय पुढे द्यावयाचे नाही, हा दंडक दोघांचा एक. ह्या कुळात मतैक्य कधीच नव्हते. बुद्धत्वाची योग्यता सर्वांना आहे की नाही ह्यावर त्यांच्यात कडाक्याचे वाद झाले. त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट मूळ ग्रंथापाशी असलेली जबाबदारी ही होती, आणि माझ्या मते कोणत्याही विद्याकुळाला पुरेसे असे बंधन एवढेच आहे.

मग जन्माच्या कुळाचे काय झाले? येथे काही वैराग्यवादी लेखक घाई करतात आणि नवे नाव घेताच जुने नाते भस्म झाले असे लिहितात; प्रत्यक्ष पुरावा त्यांच्या विरुद्ध आहे. फा-हिएन साठी उलटल्यावर, ३९९ साली, छांग-आनहून निघाला. पुढे अनुराधपुरात अभयगिरी विहारातील रत्नमय बुद्धमूर्तीपाशी कोणा व्यापाऱ्याने वाहिलेला पांढऱ्या रेशमाचा एक चिनी पंखा त्याच्या दृष्टीस पडला, आणि सोबतीचे भिक्षू कोणी मागे राहिलेले, कोणी मृत्यू पावलेले, अशा स्थितीत त्या वृद्धाचे डोळे भरून आले, असे तो स्वतःच लिहितो. हाच तो फा-हिएन, ज्याने लहानपणी वडील वारल्यावर घरी परत ये म्हणणाऱ्या चुलत्याला नकार दिला होता. ह्युएन-त्संगाची गोष्ट ह्याहून हृद्य आहे. ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन परतलेला हा जगद्विख्यात पंडित उतारवयात लोयांगला गेला असता त्याने आप्तांचा शोध केला. च्यांग घराण्यात दिलेली एक वृद्ध बहीण तेवढी जिवंत होती. तिच्याकडून आई-वडिलांच्या समाधीची जागा समजून घेऊन, ती उजाड झालेली पाहून, त्याने सम्राटाची परवानगी मागितली आणि दोघांच्या अस्थी चांगल्या जागी नेऊन पुन्हा विधिपूर्वक पुरल्या. आपल्याकडे संन्यासी शंकराचार्यांनी शास्त्राचा निषेध पत्करून मातेचा अंत्यसंस्कार केल्याची कथा आहे, तिची येथे कोणासही आठवण होईल. ह्यावरून मला असे दिसते, की कुळनामाचा त्याग हा हक्काचा त्याग होता. जमीनजुमला, वारसा, घराण्याचा मानमरातब ह्यांवरील दावा सुटला, ऋण मात्र सुटले नाही. पितृऋण आणि ऋषिऋण ही दोन्ही एकाच माणसाने मान्य करण्यात विसंगती नाही. विसंगती आहे ती पितरांच्या नावावर हक्क सांगून ऋण नाकारण्यात.

राजसत्तेला ही गोष्ट कधी पूर्ण पटली नाही. ताओ-आनाचा शिष्य हुई-युआन ह्याने ४०४ साली भिक्षूने राजापुढे का वाकू नये ह्यावर प्रबंध लिहिला आणि त्या वेळेपुरते निभावले. परंतु ८४५ साली वू-त्सुंग सम्राटाने ४,६०० हून अधिक विहार मोडून २,६०,५०० भिक्षु-भिक्षुणींना पुन्हा सारा भरणाऱ्या प्रजेत जमा केले. तथापि ते कुळ बुडाले नाही. आजही चिनी भिक्षू ‘शी’ म्हणवतो, आणि व्हिएतनामी भिक्षूंच्या नावापुढे येणारे ‘थिक’ हे त्याच नावाचे रूप आहे.

आपल्या देशात ह्या प्रश्नाला निराळी कळा आहे. गोत्र हे मुळात ऋषीचे नाव, म्हणजे ऋषिऋणाचीच खूण. मिताक्षरेत तर क्षत्रिय आणि वैश्य ह्यांनी पुरोहिताचे प्रवर घ्यावेत असे सांगितले आहे, म्हणजे रक्ताशिवायही गोत्र लाभू शकते हे आमच्या शास्त्रकारांना ठाऊक होते. परंतु व्यवहारात आम्ही त्याचे रक्त करून टाकले, आणि आडनाव ऐकताच माणसाची जात हुडकण्याची खोड आमच्या अंगी मुरली. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नद्या व समुद्राचा तोच दृष्टान्त सांगितला, तेव्हा ताओ-आनाने वंशभेदाला लावलेले ते वचन सुमारे सोळा शतकांनंतर आपल्या मूळ प्रयोजनाकडे परत आले. त्या दीक्षेचे मोल केवळ सामाजिक आहे असे म्हणणाऱ्यांनी शाक्यपुत्र ह्या नावाचा हा इतिहास अवश्य पाहावा.

ह्या कुळाचे एक ऋण आपल्या अंगावरही आहे. उपतिष्याचा ‘विमुत्तिमग्ग’ भारतात नाहीसा झाला. संघपालाने ५१५ साली केलेल्या चिनी भाषांतरात तो सबंध टिकला, आणि पुण्याचे प्रा. पु. वि. बापट ह्यांनी चिनी शिकून तो पाली ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून पाहिला व १९३७ साली त्यावरील तुलनात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. असे कित्येक भारतीय ग्रंथ केवळ चिनी भाषेत जिवंत आहेत. महाराष्ट्रात पाली शिकणारे विद्यार्थी आज पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी थोड्यांनी तरी पालीबरोबर अभिजात चिनीचा अभ्यास हाती घ्यावा, आणि विद्यापीठांनी त्यांच्यासाठी शिक्षक व ग्रंथ ह्यांची तरतूद करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.