दुःसंग कोणता?

नारदांनी भक्तिसूत्रांत दुःसंगाचा निषेध केला आणि लगेच त्याचे कारणही दिले. मनातले विकार आधी तरंगाएवढे असतात, वाईट संगत त्यांचा समुद्र करते. हे कीर्तनात आम्ही किती वेळा सांगितले असेल! श्रोते माना डोलावतात. परंतु घरी गेल्यावर दुःसंग म्हणजे काय समजतात? शेजारचा परधर्मी! आपल्या जातीचा, आपल्या गावचा, गळ्यात माळ घालून चोरून पिणारा दोस्त मात्र खुशाल चालतो. सज्जनहो, घोटाळा होतो तो इथेच.

नागपूरजवळच्या वाडीत अमरावती रस्त्याला ट्रान्सपोर्टची गोदामे आहेत, ट्रकांची सारखी वर्दळ. नाना जातिधर्मांची पोरे तिथे खांद्याला खांदा लावून माल चढवितात. तिथे कीर्तन आटोपल्यावर एक ख्रिस्ती गृहस्थ आमच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "महाराज, पोरगा वीस वर्षांचा आहे. पगाराच्या दिवशी ढाब्यावर बसतो, निम्मे पैसे घरी येत नाहीत. मी रागावलो की म्हणतो, येशू नाही का जकातदारांच्या आणि पाप्यांच्या पंगतीला बसला? मग मी बसलो तर काय बिघडले?"

पोरगा हुशार खरा! शास्त्राचा आधार घेऊन अधर्म करण्याची ही खोड आमच्याकडेही काही कमी नाही.

आम्ही त्यांना विचारले, त्या पंगतीत कोण कोणाकडे ओढला गेला? यरीहोचा जक्कय जकातदार लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी उतरला, तर जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. आता ढाब्यावर पाहा. तुमच्या मुलाच्या जाण्याने एकाने तरी बाटली खाली ठेवली काय? दुसरे असे की, लोकांत वावरणारा तोच येशू पहाट होण्यापूर्वी उठून एकांतात प्रार्थनेला जाई, हेही तुमच्याच ग्रंथात आहे. पोराने पंगत तेवढी उचलली, पहाट सोडून दिली. वैद्याने रोग्याच्या उशाशी जावे. रोग्याने रोग्याच्या अंथरुणात शिरून वैद्यकी सांगू नये.

पण नुसते "जाऊ नको" म्हटल्याने पोर थांबत नाही. संध्याकाळ रिकामी राहिली की ढाबा तिला भरून काढतो. वारीत दिंडी असते ती यासाठीच. चालायची जागा ठरलेली, शेजारचा टाळकरी ठरलेला. एक दिवस दिसला नाहीत तर चौघे विचारतात. तुमच्या चर्चमध्ये गाणारी मंडळी असेल, त्यांत त्याला बसवा. आणि पगाराच्या संध्याकाळी बापाने घरी असावे, दारात शिव्या देत नव्हे, ताटावर वाट पाहत.

हे ऐकून आमचेच एक माळकरी कुजबुजले, "महाराज, यांची इतकी जवळीक बरी नव्हे. टिळकांचे काय झाले?" प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. नारायण वामन टिळक नागपुरास संस्कृताचे काम करीत होते. 1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी बोलणे झाले, त्याने बायबल दिले, आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. घरच्यांवर आभाळ कोसळले. लक्ष्मीबाईंना नातलगांनी जवळ ठेवून घेतले, काही काळ पंढरपुरातही. नवऱ्याची संगत हाच दुःसंग ठरला!

तो आकांत आम्ही हलका लेखत नाही. असे आमच्या घरी घडले असते तर आम्हीही रडलो असतो. तरी पुढचे पाहा. ख्रिस्ती झाल्यावर टिळकांनी तुकोबांची संगत सोडली नाही. अभंग रचले, कीर्तने केली, 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. लक्ष्मीबाई काही वर्षांनी त्यांच्याकडे गेल्या त्या आपले सोवळे सांभाळून. त्यांनी पुढे 1900 साली धर्म बदलला तो आपल्या विचाराने. त्यांचा मार्ग आमचा नव्हे. पण ज्या घरात परतलेल्या बायकोचे सोवळे मोडले गेले नाही, त्या घराला दुःसंग म्हणायला आमची जीभ वळत नाही, असे आम्ही त्या माळकऱ्यांना सांगितले.